न जळणाऱ्या कचऱ्याचा वार

ती दोघं हिरोसाकीत आली
तेव्हा कोवळ्या सफरचंदांना कागदी पिशव्या चढवायचे दिवस होते.
त्याच्या कोटावर काळा बिल्ला, तिच्याही,
बिल्ल्यावर आमच्या लिपीत त्यांचं आडनाव:
रिन्दोकुविसुतो.
म्हणताना मला कवळी सांभाळावी लागे.

आयडाहोत बटाट्याची शेती होती म्हणे,
आता मुलगा बघतो.
या वयात माणसं ऊन शोधत जातात.
ही आली आमच्या बर्फात, पदरचे पैसे घालून,
देवाचं सांगायला.

पहिल्याच आठवड्यात सोमवारी बाटल्या बाहेर.
कावळे जमले, शेजार कुजबुजला,
शेवटी मीच दार वाजवलं.
तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, मग वही आणली.
सोमवार: जळणारा. गुरुवार: न जळणारा.
बाटल्या विसळून. झाकणं वेगळी.
इतक्या भक्तीनं माझं बोलणं
आजवर कुणी उतरवून घेतलं नव्हतं,
नवऱ्यानं तर नाहीच.

रविवारी त्यांच्या प्रार्थनाघरात सात माणसं.
ती दोघं धरून सात.
खिडकी उघडी असली की पियानो ऐकू येई,
एक सूर बसलेला,
तिथं ती दरवेळी जराशी थांबे,
गेलेल्या माणसाची जागा सोडावी तशी.

जानेवारीत तो पहाटे फावडं घेऊन निघे.
आधी माझ्या दारचा बर्फ, मग देवाच्या,
मग स्वतःच्या.
मी म्हटलं, हे बघा,
मी काही तुमच्या चर्चला यायची नाही.
"हाय, हाय," म्हणाला, आणि उपसतच राहिला.
त्याचं जपानी पुस्तकातलं, माझी बोली त्सुगारूची.
कळलं नसेल.
किंवा सगळंच कळलं असेल.

ती गुरुवारची यायची माझ्याकडे, चहाला.
(चहा त्यांना चालत नाही. जवाचं पाणी प्यायची.)
एकदा देव्हाऱ्यापाशी थबकली.
कात्सुजीचा फोटो, पुढे वाटीभर भात, वाफ अजून निघत होती.
त्या दिवशी मला काय झालं कोण जाणे,
मी विचारलं,
तुमच्या स्वर्गात हा असेल का हो?
त्यानं तुमच्या देवाचं नाव कधी ऐकलं नाही.
साके, बेसबॉल आणि सफरचंदाची कीड,
याच क्रमानं, सत्तर वर्षं.

तिनं वही उघडली.
या प्रश्नाचं उत्तर तिच्यापाशी नक्की होतं,
एका पानावर, लाल शाईत.
बोट तिथं पोचलेलं मी पाहिलं.
बर्फ पन्हळीवरून घसरून धप्पकन पडला.
तिनं कोरं पान काढलं
आणि विचारलं, नाव कसं लिहितात?

पहिलंच अक्षर बारा रेघांचं, अर्थ जिंकणं.
(आयुष्यात त्यानं काही जिंकलं असेल तर जत्रेतली एक पंखाधारी कोंबडी.)
ती उजवीकडून सुरुवात करायला गेली.
नको, डावीकडून, म्हटलं,
आणि तिचा हात माझ्या हातात घेतला.
बटाटे काढलेला हात. माझ्यासारखाच,
नखांच्या कडेनं कायमचा काळा.
आठ वेळा लिहिलं आम्ही.
पाचवी रेघ तोकडीच राहिली.

अठरा महिन्यांत एक मुलगा त्यांच्यात आला,
तोही पुढे सेंदाइला नोकरीवर गेला.
मी विचारलं, वाईट नाही वाटत?
तो फावड्याचा दांडा घट्ट करत होता.
म्हणाला, ओसानाइ-सान, बटाटे जमिनीखाली असतात.
मी म्हटलं, सफरचंदं वर असतात, दिसतात तरी.
दोघंही हसलो, कशाला ते नक्की नाही.

ते गेले तो गुरुवार होता.
पहाटे बाहेर पाहिलं:
पिशव्या बांधलेल्या, झाकणं वेगळी,
आणि माझ्या दाराला टेकलेलं फावडं.

परवा फोटो आला. त्यांचं स्वयंपाकघर,
फ्रीजवर नातवंडांच्या चित्रांत
चुंबकाखाली कात्सुजी.
पाचवी रेघ अजून तोकडी.
कळवलेलं नाही.